समुद्राच्या पोटाचा हिशेब

‘समुद्र सगळं पोटात घेतो’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! निर्माल्याची पिशवी पुलावरून खाडीत भिरकावणारा हेच म्हणतो. सांडपाण्याचं तोंड खाडीकडे वळवणाऱ्याच्या मनातही हेच असतं. अलीकडे या जुन्या समजुतीला विज्ञानाचा टेकू मिळालाय. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मधूनमधून एक मजकूर फिरत असतो : समुद्रात तेल खाणारे जीवाणू आहेत, प्लास्टिक खाणारेही सापडले आहेत, निसर्ग आपली काळजी घ्यायला समर्थ आहे. खाली दहा-बारा जणांचे हात जोडलेले!

मंडळी, हे अर्धसत्य आहे. आणि गंमत अशी की याचं उरलेलं अर्धं सत्य त्याच विज्ञानाने समोर आणलंय, ज्याचा दाखला देऊन आपण निवांत होऊ पाहतो. समुद्रातल्या जीवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांचे संपूर्ण जनुकसंच, गेल्या पंचवीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी एकामागून एक वाचून काढले. त्यातून हे जीव कसे तगतात ते कळलं, तसंच त्यांना काय जमत नाही तेही कळलं. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला भाग वाचून दुसरा सोडून देऊ नये.

विज्ञानाशी माझा शाळेतला संबंध अकरावी मॅट्रिकपुरता. पुढे मराठी घेऊन बी.ए. झाले आणि जन्मभर मुलांना भाषाच शिकवली. पण जीनोम ही गोष्ट भाषेच्या माणसाला समजायला फार अवघड नाही. तो एक मजकूर आहे. आपल्या बाराखडीऐवजी तिथे चारच अक्षरं. त्या चार अक्षरांच्या लांबलचक ओळीत जागोजागी कामाची वाक्यं असतात, ती जनुकं. एखाद्या जीवाला साखर पचवायची असेल तर त्याचं वाक्य त्या मजकुरात असावं लागतं. ते नसेल तर समोर साखरेचं पोतं ओतलं तरी उपयोग नाही. माणसाचा मजकूर सुमारे ३१० कोटी अक्षरांचा आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूचा सुमारे ४६ लाखांचा.

समुद्राच्या एका चमचाभर पाण्यात साधारण पन्नास लाख जीवाणू असतात. त्यातले बहुसंख्य प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत, म्हणून कित्येक वर्षं ते आहेत याचाच पत्ता नव्हता. मग शास्त्रज्ञांनी जीवाणू वाढवण्याचा नाद सोडून थेट पाण्यातला डीएनए वाचायला सुरुवात केली. २००४ साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाने बर्म्युडाजवळच्या सारगासो समुद्राचं पाणी असं वाचलं आणि त्यात बारा लाखांहून अधिक नवी जनुकं सापडली. एका समुद्राचं थोडंसं पाणी, आणि बारा लाख नवी वाक्यं!

आता या मजकुरांमधून दिसलेल्या जगण्याच्या तीन तऱ्हा सांगते.

पहिली तऱ्हा काटकसरीची. पेलॅजिबॅक्टर नावाचा जीवाणू जगातल्या जवळजवळ सगळ्या समुद्रांच्या वरच्या थरात आहे. तो ज्या कुळातला आहे, त्या कुळाची संख्या वरच्या पाण्यातल्या एकूण जीवाणूंच्या पाव ते एक तृतीयांश भरते. त्याचा जीनोम २००५ साली प्रसिद्ध झाला. जेमतेम तेरा लाख अक्षरं आणि सुमारे १,३५० जनुकं. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवांमध्ये इतका आटोपशीर मजकूर तोवर कोणाचाच वाचला गेला नव्हता. एक जनुक संपलं की दोन-चार अक्षरांवर दुसरं सुरू! खुल्या समुद्रात अन्न अतिशय विरळ. डीएनए घडवायलाही नत्र आणि स्फुरद लागतं, तेव्हा मजकूर छोटा ठेवणं हीच बचत. पण या काटकसरीची किंमत आहे. गंधक ज्या रूपात हवं, ते स्वतः तयार करण्याची सोय त्याने गमावली आहे. त्यासाठी तो शेवाळांसारख्या इतर जीवांनी बनवलेल्या द्रव्यांवर अवलंबून असतो. आणि पाण्यात अन्न एकदम वाढलं तरी त्याला त्याचा फायदा उठवता येत नाही. गरिबीच्या संसारात मुरलेल्या माणसासारखं त्याचं झालंय.

दुसरी तऱ्हा दबा धरून बसण्याची. आपल्या त्या व्हॉट्सॲपवरच्या मजकुराचा नायक हाच. त्याचं नाव अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावरून हे नाव पडलं. स्वच्छ पाण्यात तो इतका कमी असतो की शोधावा लागतो. पण तेल सांडलं की काही दिवसांत त्याची संख्या भराभर वाढते. २००६ साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, सुमारे एकतीस लाख अक्षरांचा. त्यात तेलातले साखळीसारखे रेणू तोडणारी एकाहून अधिक जनुकं निघाली. तेलाचे बारीक थेंब करणारं साबणासारखं द्रव्य बनवण्याची सोय निघाली, आणि त्या थेंबांना चिकटून राहण्याचीही. मात्र ग्लुकोज आत घेण्याची सोयच त्याच्याकडे नाही! तेलात तरबेज आणि साखरेपुढे हतबल.

या मजकुरात आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या कामाची आहे. नत्र आणि स्फुरद पाण्यातून ओढून घेण्याची त्याच्याकडे जय्यत तयारी आहे. कारण उघड आहे. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. नुसत्या भातावर मूल वाढत नाही, तसा हाही नुसत्या तेलावर वाढत नाही. शिवाय तेल तोडायला त्याला प्राणवायू लागतो. म्हणजे तेल खाणारा जीवाणू हजर असणं पुरेसं नाही, त्याचं उरलेलं ताटही वाढलेलं असावं लागतं.

तिसरी तऱ्हा लपून राहण्याची. पटकीचा जीवाणू आपण माणसाच्या आतड्यातला शत्रू म्हणून ओळखतो. पूर्वी पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. पण त्याचं मूळ घर आहे खाडीचं निमखारं पाणी. तिथे तो कोलंबीच्या दूरच्या नात्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवांच्या कवचाला चिकटून राहतो. परिस्थिती बिघडली की आकसून पडून राहतो. त्या अवस्थेत तो बशीत वाढत नाही, पण मेलेलाही नसतो. २००० साली त्याचा जीनोम वाचला गेला, तेव्हा एकाऐवजी दोन गुणसूत्रं निघाली. पुढे २००५ साली असं दिसलं की त्या कवचाच्या सान्निध्यात आला की तो आसपासच्या पाण्यातला दुसऱ्यांचा डीएनए उचलून आपल्यात घेऊ शकतो. दुसऱ्याच्या वहीतलं पान फाडून आपल्या वहीत चिकटवणारा विद्यार्थी!

‘हे सगळं वाचून उपयोग काय?’ असं कोणी विचारेल, म्हणून इथेच एक उदाहरण देते. हा जीवाणू अशा बारीक जीवांना चिकटून राहतो हे कळल्यावर रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये बायकांना जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं. जीवाणू सुटा असता तर साडीतून आरपार गेला असता, पण त्याचं वाहन साडीत अडकतं. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला फडकं बांधत, ते काही उगाच नव्हे. जीव कसा जगतो ते कळलं की उपाय कधी कधी घरातच सापडतो.

आता आपल्या समुद्राकडे येते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा न्हावा-शेवाहून, म्हणजे आपल्या पनवेलपासून फार दूर नसलेल्या बंदरातून निघाली होती. शेकडो टन इंधन तेल समुद्रात गेलं, कंटेनर पाण्यात पडले, त्यातल्या काहींमध्ये कीटकनाशकं होती. रायगडच्या किनाऱ्यावर आणि कांदळवनात तेल आलं. काही दिवस मासे खाऊ नका असं सांगण्यात आलं, ऐन श्रावणाच्या तोंडावर कोळ्यांचा धंदा बसला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात मोठी तेलगळती झाली होती आणि तिथे तेल खाणारे जीवाणू कसे वाढले याच्या बातम्या येत होत्या. साहजिकच आपल्याकडेही ‘जीवाणू बघून घेतील’ असं म्हणणारे निघाले.

जीवाणूंनी त्यांच्या परीने काम केलंच असणार. आपल्या देशात टेरी या संस्थेने ‘ऑइलझॅपर’ नावाचं जीवाणूंचं मिश्रण बनवलं आहे. मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळलेले हे जीवाणू तेलकट गाळावर टाकले जातात, ही चांगली आणि उपयोगी गोष्ट आहे. पण जहाजाचं इंधन म्हणजे दाट, जड तेल. त्यातले हलके, साखळीसारखे रेणू जीवाणू आधी खातात. डांबरासारखा भाग मागे राहतो. पावसाळ्याच्या आगेमागे गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, ते पायाला लागले की रॉकेलने घासावे लागतात. ते गोळे म्हणजे जीवाणूंच्या ताटातलं उष्टंच!

आणि कांदळवनाचा चिखल? दोन बोटं खाली गेलात की तो काळा असतो, कारण तिथे प्राणवायू नाही. तेल एकदा तिथे मुरलं की तेल खाणाऱ्याला श्वासच घेता येत नाही. याचा धडा अलास्काने दिला आहे. १९८९ साली तिथे ‘एक्झॉन वाल्डेझ’ जहाजाचं तेल सांडलं. किनाऱ्यावर खत फवारून जीवाणूंना नत्र-स्फुरद पुरवलं गेलं, त्याचा उपयोगही झाला. तरीही पुढे दोन दशकं उलटल्यावर काही किनाऱ्यांवर दगडगोट्यांखाली, प्राणवायू पोचत नाही अशा जागी तेल तसंच सापडलं. जीवाणू होते, अन्न होतं, हवा नव्हती.

प्राणवायूचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो अरबी समुद्राचं जुनं दुखणं आहे. या समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजारएक मीटर खोलीपर्यंत प्राणवायू अतिशय कमी असलेला प्रचंड थर आहे. तिथले जीवाणू प्राणवायूऐवजी पाण्यातलं नायट्रेट वापरून ‘श्वास’ घेतात. जगण्याची हीही एक तऱ्हाच, आणि तिचीही जनुकं आहेत. त्या क्रियेत नत्र वायू होऊन निघून जातो आणि काही प्रमाणात नायट्रस ऑक्साइड तयार होतो. तो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोरकस आहे. गोव्यात दोनापावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की पावसाळ्यात आणि त्यानंतर असं प्राणवायू हरवलेलं पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ भागातही येतं, आणि तिथे नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर साठतो. मूळ कारण नैसर्गिक आहे. पण जमिनीवरून वाहत येणारी खतं आणि मैला त्यात भर घालतात. नत्र जास्त झालं की शेवाळं माजतात, ती मरून खाली गेली की त्यांना कुजवण्यात उरलासुरला प्राणवायू संपतो.

म्हणजे ‘समुद्र पचवतो’ हे खरं, पण पचवायला त्याला श्वास लागतो. आपण त्याच्या ताटात भर घालत राहिलो तर तोच श्वास कमी पडतो. हा हिशेब साधा आहे, तिसरीतल्या मुलालाही समजेल.

आपली पनवेलची खाडी यातून सुटलेली नाही. गाढी नदी गावाला वळसा घालून तिला मिळते, तळोज्याकडून कासाडीचं पाणी खाडीकडेच येतं. कासाडीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले, त्यांची छायाचित्रं जगभर छापून आली. कुत्र्यांचा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बातमी झाली. पाण्यातल्या जीवाणूंवर काय रंग चढतो ते डोळ्यांना दिसत नाही. आणि पटकीच्या जीवाणूची ती पानं चिकटवण्याची सवय लक्षात घ्या. मैल्याच्या पाण्याबरोबर औषधांना न जुमानणारे जीवाणू आणि त्यांची जनुकं खाडीत येतात. ज्या पाण्यात पानं उचलणारे रहिवासी आहेत, तिथे आपण अशी पानं नेऊन टाकायची का, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. तो आपल्या नातवंडांच्या तापाशी येऊन पोचतो.

प्लास्टिकबद्दलही एक वाक्य सांगायलाच हवं. २०१६ साली जपानमध्ये साकाई इथे प्लास्टिक खाणारा जीवाणू सापडला, हे खरं. पण तो समुद्रात नव्हे, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरात सापडला. तो बाटलीच्या जातीचं एकच प्लास्टिक खातो, आणि एक पातळ चकती संपवायला त्याला तीस अंशांच्या उबदार तापमानात सहाएक आठवडे लागले. आपल्या खाडीच्या गाळात रुतलेल्या पिशव्या वेगळ्याच प्लास्टिकच्या असतात. त्याच्या मजकुरात त्यांच्यासाठी वाक्यच नाही.

यावर एक हुशार आक्षेप आहे. जीवाणू या पृथ्वीवर तीनशे कोटी वर्षांहून जास्त काळ आहेत. त्यांनी काय काय पाहिलं आणि पचवलं! मग आपल्या चार नाल्यांनी त्यांचं काय बिघडणार? बरोबर आहे. त्यांचं काहीच बिघडणार नाही. काटकसरी पेलॅजिबॅक्टर मागे सरेल, दुसरे कोणी त्याची जागा घेतील. प्राणवायू संपला तर नायट्रेटवाले येतील, तेही संपलं तर सडक्या अंड्यासारखा वास सोडणारे येतील. जीवाणू जगणारच. पण त्या पाण्यात जिताडा जगत नाही, कोलंबी जगत नाही आणि त्यावर पोट असलेला आगरी-कोळी माणूसही तिथे टिकत नाही. तगून राहण्याची विद्या त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. तेव्हा त्यांच्या जोरावर आपण निर्धास्त होण्यात काय शहाणपण?

दुसरा आक्षेप पैशाचा. देशात शाळांना छप्पर नाही आणि जीवाणूंची अक्षरं कसली वाचता, असं लोक विचारतात. छप्पर नसलेल्या वर्गाची व्यथा मला कोणी सांगायला नको. तरीही हे वाचन व्हावं असंच मी म्हणेन. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधू साधना’ जहाज हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांचे जीनोम अभ्यासण्यासाठी विशाखापट्टणमहून सुमारे नव्वद दिवसांच्या मोहिमेवर निघालं, ती बातमी वाचून मला खरंच आनंद झाला. आज पाण्यात कोण आहे याची नोंद नसेल तर उद्या कोण नाहीसं झालं हे कशावरून सांगणार? हजेरीपट असल्याशिवाय गैरहजेरी कळत नाही, हे कुठल्याही मास्तराला विचारा.

माझी इच्छा आहे की असा एक हजेरीपट आपल्या खाडीचाही व्हावा. फार मोठं जहाज लागणार नाही. भरती-ओहोटीला आणि तिन्ही ऋतूंत, ठरावीक जागी पाण्याचे नमुने घ्यायचे, प्राणवायू मोजायचा, आणि त्यातला डीएनए एखाद्या प्रयोगशाळेकडून वाचून घ्यायचा. डीएनए वाचायचा खर्च वीस वर्षांपूर्वीच्या मानाने आता पुष्कळ उतरला आहे. पनवेल-उरणच्या महाविद्यालयांतली मुलं हे काम आनंदाने करतील. आकडे मात्र फलकावर लावावेत, कपाटात ठेवू नयेत.

आणि तोवर? तोवर कोणी ‘जीवाणू आहेत ना’ म्हणालं तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. कोणता जीवाणू? हे पचवण्याचं जनुक त्याच्याकडे आहे का? आणि त्याला लागणारी हवा, नत्र आणि वेळ आपण त्याला देतोय का? उत्तर आलं तर ऐकून घ्यावं. नाही आलं, तर निर्माल्याची पिशवी घरी आणावी आणि तुळशीच्या मातीत जिरवावी. तिथेही जीवाणूच आहेत, त्यांना हे ताट पूर्वीपासून ओळखीचं आहे.

असो. लेख लांबला, पण विषयच तसा होता. तुमच्या गावच्या खाडीचं, नदीचं काय चाललंय ते जरूर कळवा.